पाणवठ्यापर्यंत अकरा, परत अकरा

“पायी जा. अनवाणी जा. शनिवारी जा. आणि कानियोला सांगू नकोस.”

दोनाताच्या सासूचे हे शेवटचे धड शब्द. त्यानंतर ती दोन दिवस होती, पण बोलली नाही.

ही गोष्ट खरी आहे. दोनाता माझी मावसबहीण. तिने ती मला जपमाळ हातात धरून सांगितली, आणि जपमाळ हातात असताना आमच्या घराण्यात कुणी खोटं बोलत नाही. आता सांगायला हरकत नाही, असं ती म्हणते. मला अजून तशी खात्री वाटत नाही. पण मनात ठेवून झोप लागत नाही, म्हणून लिहिते.

रात्रीची गोष्ट नाही ही.

दक्षिण इटलीतल्या आमच्या बासिलिकातात जे काही फिरतं, ते रात्री फिरत नाही. दुपारी फिरतं. जेवणं उरकली, खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या, की दोन ते चार ही उलटी वेळ. तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. पोरांना आया सांगतात, बाहेर जाऊ नकोस, आता त्यांची वेळ आहे.

कुणाची, ते कुणीच सांगत नाही.

जुलै महिना होता. गुरुवार. गाव पोंतेलारा. तिथे स्टेशनासमोर दोनाता आणि तिचा नवरा कानियो यांचं गाड्या भाड्याने देण्याचं दुकान आहे. चार गाड्या. लोक आगगाडीतून उतरतात, गाडी घेतात, आठवडाभर डोंगरमाथ्यावरची गावं बघत हिंडतात आणि गाडी आणून देतात. रस्त्याला लागून ऑफिस, त्याच्यामागे गॅरेज, वर घर.

पण गुरुवारचं सांगण्याआधी नवसाचं सांगायला हवं.

कानियो सहा वर्षांचा असताना त्याला मेंदूचा ताप आला होता. दुपार झाली की अंग भट्टीसारखं व्हायचं. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा त्याची आई, वितुच्चा, डोंगरावरच्या मरियेला नवस बोलली. पोरगा वाचू दे. माझी वेणी कापून तुझ्या पायाशी ठेवीन. पायी येईन, अनवाणी येईन.

पोरगा वाचला.

वेणी मात्र राहिली. आधी नवरा जाऊ देईना. “बोडकी बायको घेऊन मी चर्चात मिस्साला जाऊ? गाव हसेल!” मग शेतातली कामं आली, मग म्हातारपण, मग गुडघे. बघता बघता चव्वेचाळीस वर्षं झाली.

फेब्रुवारीत, मरणाच्या दारात असताना, तिने दोनाताला जवळ बोलावलं. कात्री मागितली. हातभर लांब, पांढरीशुभ्र वेणी. ऑलिव्हचं तेल चोळून चोळून गुळगुळीत झालेली. दोनाताने ती मुळाशी कापली तेव्हा म्हातारीने डोळे मिटून घेतले.

“माझ्याच्याने झालं नाही. तू ने.”

“नेते, आई.”

“नवस फिटेपर्यंत पोरगा उसना असतो, पोरी. तिने परत मागितला तर द्यावा लागतो. आणि ज्याच्यासाठी नवस, त्याला तो फिटायच्या आधी कळला, तर फुकट जातो.”

मग ते चार शब्द. पायी, अनवाणी, शनिवारी, गुपचूप.

दोनाताने तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

आता मरियेचं ठाणं आमच्याकडून एकोणीस किलोमीटर. सगळी चढण. दोनाताचा डावा गुडघा आधीच कुरकुरणारा. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिना मरियेचा, तोही संपत आला. मग दोनाताने आमच्या लोकांनी नेहमी करावी तीच गोष्ट केली.

देवाशी घासाघीस केली.

गाडीने मरियेच्या फाटकापर्यंत जायचं. तिथे चपला काढायच्या. शेवटची शंभर पावलं अनवाणी. मरियेला पाय दिसले म्हणजे झालं, रस्ता कोण बघतंय?

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिने पांढरी गाडी काढली. वेणी रुमालात बांधून मागच्या सीटवर ठेवली. वळणावर घसरू नये म्हणून तिच्यावरून पट्टा लावला. खट्.

आणि निघाली.

वाटेत एक फाटा लागतो. डावीकडचा रस्ता वर मरियेकडे जातो, उजवीकडचा खाली नदीकडे. फाट्यावर जुना पाणवठा आहे. दगडी, तीन तोट्यांचा. वीस वर्षांपासून कोरडा. आजूबाजूला घर नाही, झाड नाही, नुसती पांढरी चिकणमाती.

तिथे पोचली आणि फोन वाजला. कानियो.

“अगं, कुठे आहेस? गिऱ्हाईक लवकर आलंय. पांढरीच हवी म्हणतंय. ये लवकर!”

दोनाताने गाडी फिरवली.

घरी आली तर कानियो गिऱ्हाइकाला घेऊन दारातच उभा. त्याच्यासमोर रुमाल उचलणार कसा? तो कागद आणायला आत वळला तेवढ्यात तिने रुमाल डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात कोंबला. वरून चटई टाकली.

उद्या काढीन, म्हणाली.

मग मोसम सुरू झाला. पांढरी आली की गेली, आली की गेली. उद्या, उद्या करत जुलै उजाडला.

वेणी तिथेच होती.

जुलैच्या सुरुवातीला उत्तरेतल्या बेर्गामोचं एक जोडपं पांढरी घेऊन गेलं होतं. निवृत्त मास्तर लोकातेल्ली आणि त्यांची बायको पिएरा. गाडी परत द्यायला आले तेव्हा मास्तर लालबुंद झालेले.

“बाई, तुमची गाडी उत्तम. पण तिला सवयी वाईट.”

“कसल्या सवयी?”

“रोज दुपारी, त्या कोरड्या पाणवठ्यापाशी, घंटी वाजते. टिंग, टिंग, टिंग. चालत्या गाडीत मागचा पट्टा कुणी सोडला की वाजते ना, ती!”

“मग मागे कोण बसलं होतं?”

“हाच तर प्रश्न आहे. मागे माझी टोपी होती.”

पिएरा हसली नाही. ती म्हणाली, “टोपीला पट्टा आम्ही लावला नव्हता. तरी निघताना तो लावलेला असायचा.”

“तुमच्या दक्षिणेत गाड्यासुद्धा दुपारी झोपतात आणि स्वप्नं बघतात,” मास्तर म्हणाले.

“झोपू द्यावं, मास्तर. तुम्ही उत्तरेकडचे लोक तिला झोपू देत नाही, म्हणून ती बडबडते,” दोनाता म्हणाली. सगळे हसले.

गाडी गेली तेव्हाचे आणि आली तेव्हाचे किलोमीटर लिहून ठेवायचे, हा दोनाताचा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी संध्याकाळी तिने पांढरीचा आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी पांढरी कुणाला दिलीच नव्हती. दिवसभर गॅरेजात उभी.

संध्याकाळी सहज बघितलं, तर…

बावीस किलोमीटर जास्त.

तिला वाटलं, आपण लिहिताना चुकलो. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा बावीस. चौथ्या दिवशीही. मग हिशेब लागेपर्यंत तिने पांढरी कुणाला देणंच थांबवलं.

गाडी दुपारी बाहेर जात होती. सकाळी तर ती स्वतः दुकानात असायची, संध्याकाळीही. उरली ती उलटी वेळ. त्या वेळी ती वर झोपलेली असायची. आणि कानियो…

कानियो हल्ली खाली झोपायचा. गॅरेजमध्ये, खाटेवर.

“वर उकडतं,” तो म्हणाला होता.

पंचवीस वर्षं उकडलं नाही. याच जुलैत उकडायला लागलं!

संशय हा उंदरासारखा असतो. एकदा घरात शिरला की रोज नवं काहीतरी कुरतडलेलं सापडतं. दोनाताला दिसायला लागलं. कानियो बारीक झाला होता. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. ताटातला मकरोनी अर्धा राहायचा. दुपारनंतर त्याचे डोळे चमकायचे, गाल लाल व्हायचे. नजर चुकवायचा. मध्येच तिच्याकडे टक लावून बघायचा आणि तिने बघितलं की मान वळवायचा.

पन्नाशीतला माणूस एकाएकी बारीक होतो आणि गाल लाल करून हिंडतो, तो कशासाठी?

आणखी एक गोष्ट तिने मला खाली मान घालून सांगितली. एका संध्याकाळी ती पांढरी झाडायला गेली. मागच्या पायपुसण्यावर पांढरी धूळ होती, आणि धुळीत…

पाऊल. अनवाणी. बाईमाणसाचं.

तिने नीट बघितलंही नाही. खराट्याने खसाखसा झाडून टाकलं.

समोरच्या घरात जेसुमीना मावशी राहते. नव्वदीची. डोळ्यांत मोतीबिंदू, पण खिडकी सुटत नाही. उलट्या वेळेतही झडपेच्या फटीतून बघत बसते. दोनाता तिच्यासाठी वाटीभर पीचच्या फोडी घेऊन गेली आणि इकडचं तिकडचं बोलत विषयावर आली.

“मावशी, दुपारी आमची गाडी बाहेर जाते का गं?”

“जाते ना. रोज जाते.”

“कोण असतं तिच्यात?”

“एक जण चालवतं. आणि मागे एक बाई. काळा रुमाल बांधलेली.”

“मागे? पुढे नाही?”

“मागेच. राणीसारखी. घे, तू पण खा एक फोड. तोंड असं का झालं तुझं?”

“चालवतं कोण? कानियो?”

जेसुमीनाने फोड चघळली. बराच वेळ चघळली.

“पोरी, माझे डोळे दुधाचे झालेत. बाई ओळखते मी रुमालावरून. चालवणाऱ्याचं मला काय करायचंय? तू घरी विचार.”

दोनाता घरी आली आणि काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तेच नको होतं.

त्याऐवजी तिने ठरवलं, पकडायचं.

तो हा गुरुवार.

जेवण झालं. कानियो नेहमीसारखा खाली खाटेवर गेला. पांढरीच्या दोन चाव्या. एक हरवून वर्ष झालं होतं. उरलेली दोनाताने ॲप्रनच्या खिशात घातली आणि खिशाला वरून टाचणी लावली. मग वर गेल्याचं सोंग करून जिन्याने परत खाली आली, आणि ऑफिसमध्ये, गॅरेजच्या दाराआड खुर्ची टाकून बसली. दार बोटभर उघडं. फटीतून पांढरी पूर्ण दिसत होती.

हातात जपमाळ घेतली. झोप लागू नये म्हणून.

बाहेर झाडांवरचे उन्हाळी किडे करवतीसारखे ओरडत होते. दहा मण्यांचा पहिला दशक झाला. दुसरा झाला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या दशकाचा चौथा मणी तिच्या बोटांत होता, हे तिला पक्कं आठवतं.

आणि किडे थांबले.

सगळे. एकदम.

तिला वाटलं, आता कानियो उठेल. खाट कुरकुरेल. तिने कान टवकारले…

काहीच नाही. फक्त कुठून तरी ऑलिव्ह तेलाचा वास आला. जेवणाचा असेल, असं तिला वाटलं.

तिने पुढचा मणी ओढला.

बोटांत आता ओढलेलाच मणी होता. तिसऱ्या दशकाचा, पाचवा. किडे पुन्हा ओरडत होते. घड्याळात…

चार वाजायला पाच मिनिटं.

ती ताडकन उठली. डुलकी लागली असेल. पण मान दुखत नव्हती, डोळे जड नव्हते. एक मणी ओढायला पावणेदोन तास लागले होते. ती गॅरेजमध्ये धावली. पांढरी जागच्या जागी उभी. तिने बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

तापलेलं.

आकडा बघितला. बावीसने पुढे.

कानियो खाटेवर बसला होता. पाय जमिनीवर, हात मांड्यांवर. झोपेतून उठलेल्या माणसासारखा नाही. बराच वेळ तसाच बसलेल्या माणसासारखा.

“हरवलेली चावी कुठाय?” दोनाताने विचारलं.

“कसली?”

“पांढरीची. सापडली ना तुला? सापडली आणि सांगितलं नाहीस. कुठे नेतोस तिला?”

“गाडीला?”

“बाईला! काळ्या रुमालवालीला! अख्खी गल्ली बघते रोज, मी एकटीच आंधळी. आईला जाऊन सहा महिने झाले नाहीत, कानियो. तिच्या मरणाची खबर छापलेला कागद अजून गल्लीतल्या भिंतीवरून निघालेला नाही. लाज वाटत नाही तुला?”

कानियो म्हणाला, “दोना, खिसा बघ.”

“काय?”

“ॲप्रनचा खिसा.”

टाचणी निघालेली होती. चावी आत होती. तिने हातात घेतली.

गरम होती.

“मी इथे खाली झोपतो ते उकडतं म्हणून नाही,” कानियो हळू आवाजात म्हणाला. “तू जातेस का ते बघायला झोपतो.”

“मी?”

“तू. रोज. मी विचारणार होतो तुला, बाई कोण म्हणून नाही… माणूस कोण म्हणून. पंधरा दिवस रोज ठरवतो, आज विचारीन. जीभ उचलत नाही.”

“मी वर झोपलेली असते, कानियो! आज तर इथे खुर्चीवर…”

“आज खुर्चीवरून उठलीस. डोळे उघडे. माझ्यासमोरून गेलीस. आधी मागचं दार उघडतेस. उभी राहतेस. म्हाताऱ्या माणसाला गाडीत चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग आत वाकतेस आणि पट्टा लावतेस. दार लोटतेस. आणि मग पुढे बसून जातेस.”

दोनाता मागच्या दाराकडे वळली.

“मागे कोण बसतं?”

“मला कुणी दिसलं नाही.”

“हाक का नाही मारलीस मला?”

“मारली. परवा. फाटकापर्यंत धावत गेलो, दोना, दोना म्हणून ओरडलो. तू वळली नाहीस. पण…”



“पण काय?”

“मागची काच खाली झाली. अर्धी. आणि पुन्हा वर गेली.”

त्या गाडीच्या मागच्या काचा बटणाने होत नाहीत. आत बसून दांडा फिरवावा लागतो.

दोघंही गाडीकडे बघेनात.

“आधी वाटलं तुझं कुणीतरी आहे,” कानियो म्हणाला. “मग ती काच पाहिली. त्यापेक्षा कुणीतरी असतं तर बरं झालं असतं.”

दोनाता त्याच्याजवळ खाटेवर बसली. सवयीने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ बॉनेटसारखं तापलं होतं.

“कधीपासून?”

“काय कधीपासून? अंग? दुपारचं येतं थोडं. जातं संध्याकाळी. उन्हाचं असेल.”

दुपारचं. संध्याकाळी जातं.

लाल गाल, चमकणारे डोळे, अर्धं ताट, कमरेचा पट्टा दोन भोकं आत. ज्याला ती बाईचा नाद समजत होती, ते सगळं तिला आता उलटं दिसायला लागलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी असाच दुपारचा ताप होता…

नवस फिटेपर्यंत पोरगा उसना असतो, पोरी.

आणि बावीस किलोमीटर. अकरा जायला, अकरा यायला. अकरावर काय आहे, ते तिला माहीत होतं. मे महिन्यात जिथून तिने गाडी फिरवली, तो कोरडा पाणवठा. म्हातारीला ती रोज तिथपर्यंत नेत होती. तिथे पट्टा सुटत होता, टिंग टिंग. आणि तिथून पुढे गाडीने जायचंच नव्हतं.

“कुठे जातेस तू, दोना?” कानियोने विचारलं. “एवढं तरी सांग. मी रागावणार नाही.”

तिच्या ओठांवर आलं होतं सगळं. वेणी, वचन, स्टेपनी. सांगितलं असतं तर त्याचा संशय त्याच क्षणी मिटला असता.

पण ज्याच्यासाठी नवस, त्याला तो आधी कळला तर…

“पाणवठ्यापर्यंत,” ती म्हणाली.

“तिथे काय आहे?”

“काही नाही.”

“काही नाही,” कानियो म्हणाला. त्याने तिचा हात कपाळावरून हळूच काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. परक्या बाईचा हात ठेवावा तसा.

शुक्रवारी तो डॉक्टरकडे गेला. रक्त तपासलं, छाती तपासली. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या.

तो तिकडे असताना दोनाताने पांढरीची डिकी उघडली. चटई उचलली. रुमाल स्टेपनीच्या खळग्यात होता, तिने ठेवला तिथेच. गाठ तिने मारलेली. तिचीच.

सोडली.

फेब्रुवारीत कापलेली वेणी. दोन महिने लोखंडाच्या खळग्यात, उन्हात पडलेली. ती कोरडी, राठ व्हायला हवी होती…

वेणीला ताजं तेल लावलेलं होतं. दोनाताची बोटं चिकट झाली. खाली टोकाला जी दोरी तिने बांधली होती, ती बदललेली होती. काळ्या फितीचं फूल होतं. वितुच्चा रविवारी मिस्साला जाताना बांधायची तसं.

मग तिने मागचं दार उघडून पायपुसणं बघितलं. या वेळी नीट बघितलं.

पांढऱ्या धुळीत डावं पाऊल. अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला.

त्या पायाची नखं दोनाताने नऊ वर्षं कापली होती.

ती गाडी अजून आहे. मी कधीमधी त्यांच्याबरोबर जाते, पण पुढे बसते. पुढे जागा नसली तर जात नाही. दोनाता हसते मला. कानियो हसत नाही. मी एकदा फादरांना विचारलं, असं होऊ शकतं का? ते म्हणाले, प्रार्थना करा. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पंधरा दिवस माझी बहीण उघड्या डोळ्यांनी घाटात गाडी चालवत होती आणि तिला त्यातला एक क्षण आठवत नाही. मग चाक खरं कुणाच्या हातात होतं?

शनिवारी पहाटे पाचला दोनाता उठली.

कानियो त्या रात्री वरच झोपला होता, तिच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून. डोळे मिटलेले. पण श्वास फार सारखा चालला होता. झोपलेल्या माणसाचा श्वास इतका सारखा नसतो. पंचवीस वर्षं ऐकते ती.

त्याला कळत होतं, ती चालली आहे.

तिने काळा झगा घातला, डोक्याला रुमाल बांधला. वेणी छातीशी, कपड्याच्या आत ठेवली. मग पांढरीची चावी घेतली. कानियोचा श्वास क्षणभर अडकला.

तिने चावी त्याच्या उशाशी ठेवली. बाकीच्या तीन गाड्यांच्याही ठेवल्या. चपला उचलल्या आणि त्याच्या बाजूला, पलंगाखाली, जोडीने लावल्या.

त्याने डोळे उघडले नाहीत. तिने काही सांगितलं नाही. संशय येणार. दिवसभर पोखरणार त्याला. येऊ दे. उसन्या नवऱ्यापेक्षा संशयी नवरा बरा.

जिना थंड होता. अनवाणी पायांना पायऱ्यांच्या कडा टोचत होत्या. गुडघा पहिल्याच पायरीला कुरकुरला.

गॅरेजमध्ये पांढरी उभी होती.

मागचं दार उघडं होतं.

रात्री तिने स्वतः लावलं होतं. आता चावी वर उशाशी होती, आणि आत, सीटवर, पट्टा लावलेला होता. रिकाम्या जागेवर. सैल नाही. कुणीतरी बसलेलं असावं तसा, पोटाशी फुगलेला.

समोर जेसुमीना मावशीची झडप किंचित हलली.

दोनाताला पळून जावंसं वाटलं. तिने मला तसं सांगितलं. पण मग तिला वर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस आठवला आणि त्याचा तो सारखा श्वास. ती दारापाशी गेली. आत वाकली. तेलाचा वास आला. तिने बटण दाबून पट्टा सोडला.

खट्.

“उतरा, आई,” ती हळूच म्हणाली. “आज गाडी नाही.”

म्हाताऱ्या माणसाला उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती दार धरून उभी राहिली.

मग दार लोटलं, आणि रस्त्याच्या कडेकडेने, सावकाश, आपल्या पावलाच्या शेजारी आणखी एका पावलाला जागा ठेवून, चढणीला लागली.